ट्रकचालकाचा अल्बम फोडू नका, आहे त्या क्रमाने जपा

प्रति, संपादक,

महोदय,

सप्टेंबरातला मुक्तिसंग्राम दिन आणि डिसेंबरातला विजय दिवस जवळ आले की मराठवाड्यातल्या घराघरांतल्या ट्रंका उघडल्या जातात. कोणाचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात लष्करी लॉरीवर होते, कोणाचे वडील १९६५ ला किंवा १९७१ ला शक्तिमान ट्रक चालवत होते. शाळा, ग्रामपंचायती आणि वृत्तपत्रे त्यांचे फोटो मागवतात, हे चांगलेच आहे. अडचण अशी, की मागितला जातो ‘एक चांगला फोटो’. मग घरातले कोणीतरी अल्बममधला सर्वांत ठसठशीत फोटो उचकटते, मोबाइलवर रंगवून घेते, फ्रेम करून भिंतीला लावते, आणि उरलेला अल्बम पुन्हा माळ्यावर जातो. जुनी कागदपत्रे व छायाचित्रे यांच्या जतनाचे काम करणाऱ्या आम्हा काही जणांचे म्हणणे असे, की ट्रकचालकाच्या अल्बमचे मोल त्याच्या क्रमात आहे. सुटा फोटो ‘गणवेशातला माणूस ट्रकसमोर उभा’ एवढेच सांगतो. तोच फोटो आपल्या पानावर, खालच्या ओळीसह, आधीच्या नि नंतरच्या फोटोंच्या मध्ये राहिला, तर तुकडी, रस्ता आणि महिना यांचा माग लागतो.

अशा अल्बमचे मोल समजून घ्यायचे तर पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकी स्वयंसेवकांकडे बघावे. १९१५ मध्ये ए. पिअट अँड्र्यू यांनी ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’ उभी केली. अमेरिका युद्धात उतरण्याच्या आधीपासून तिथल्या कॉलेजांतली मुले फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवायला गेली. गणवेश आणि जहाजाचे भाडे बहुतेकांनी स्वतःच भरले. १९१७ च्या वसंतात फ्रेंच सैन्याला रुग्णवाहिकांइतकीच दारूगोळ्याच्या ट्रकवर माणसे हवी होती. तेव्हा यातले सुमारे ८०० जण ‘रेझर्व्ह माले’ या वाहतूक दलात गेले आणि सोआसों शहराच्या आसपास, शमँ दे दाम आघाडीच्या मागे, पाच टनी पिअर्स-ॲरो गाड्या चालवू लागले. भरीव रबराची टायरे, रात्रीचा दिवे विझवलेला ताफा, चिखलात रुतलेली मागची चाके हे सारे त्यांच्या अल्बममध्ये ओळीने आहे. खिशात मावणारा व्हेस्ट पॉकेट कोडॅक कॅमेरा त्यांच्यातल्या अनेकांकडे होता. त्यात १२७ नंबरचा रोल बसे, एका रोलमध्ये आठ फोटो आणि प्रत्येक निगेटिव्ह साधारण ४ बाय साडेसहा सेंटिमीटरची. एन्लार्जर सहसा नसे. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छाप काढत, म्हणून फोटोही तेवढाच. जिथे हे अल्बम अखंड राहिले तिथे आज एकेका तुकडीचा मुक्काम पानापानांवर लावता येतो. जिथे फोटो सुटे विकले गेले तिथे फक्त ‘जुना ट्रक’ उरला.

आपल्याकडची गोष्ट वेगळी असली तरी कागद तोच आहे. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्यात सक्तीची भरती नव्हती. सुमारे २५ लाख माणसे आपणहून नाव नोंदवून गेली. त्यातला मोठा भाग लढाऊ पलटणींबरोबरच रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे रसद आणि वाहतुकीत होता. या कोअरच्या लॉऱ्या उत्तर आफ्रिकेत आणि इटलीत होत्या, दिमापूर–कोहिमा–इंफाळच्या घाटात होत्या, आणि रशियाला मदत पोचवण्यासाठी इराणात झाहेदान ते मशहद या रस्त्यावरही होत्या. या इराणी मार्गाच्या कामाबद्दल सुभेदार नारायणराव निक्कम आणि हवालदार गजेंद्रसिंह यांना सोव्हिएत सरकारने १९४४ मध्ये ‘ऑर्डर ऑफ द रेड स्टार’ दिले. चालकांच्या कामाची एवढी ठळक नोंद क्वचितच होते. बाकीच्यांची नोंद असलीच तर घरच्या काळ्या पानांच्या अल्बममध्ये आहे, म्हणून तो फोडू नये.

पान उघडल्यावर आधी गाडीकडे बघावे, माणसाकडे नंतर. बॉनेटच्या बाजूला किंवा दारावर पांढऱ्या रंगात इंग्रजी अक्षर आणि आकडे असतात. ‘एल’ असेल तर लॉरी, ‘झेड’ असेल तर हलका ट्रक, ‘ए’ असेल तर रुग्णवाहिका. मडगार्डवर किंवा मागच्या फाळक्यावर तिरप्या रेघेने दोन भाग केलेला चौकोन दिसतो. वाहतूक कोअरचा चौकोन वर लाल, खाली हिरवा, आणि त्यावर पांढरा आकडा. त्याच्या जवळपास डिव्हिजनचे चिन्ह असते: चौथ्या हिंदी डिव्हिजनचा लाल गरुड, पाचव्या डिव्हिजनचा लाल गोळा, सतराव्या डिव्हिजनची काळी मांजर. समोर गोल चकतीत सुटा आकडा असेल तर तो पुलाचा वर्ग, म्हणजे गाडी किती भाराच्या पुलावरून जाऊ शकते त्याचा. हा आकडा तुकडीचा समजून पुष्कळ जण भलतीकडे शोध घेत बसतात.

गाडीचे नाकही बोलते. बसक्या नाकाची, समोरची काच वरून पुढे झुकलेली लॉरी दिसली तर ती बहुधा कॅनडात फोर्ड किंवा शेव्हरोलेने बनवलेली. लांब नाकाची, मागे चार चाकांच्या दोन जोड्या असलेली असेल तर जीएमसी किंवा स्टुडबेकर. स्वातंत्र्यानंतरच्या लष्करी नंबरप्लेटवर आधी वर टोक केलेला बाण येतो. शक्तिमान ट्रक जर्मन मान कंपनीच्या परवान्याने जबलपूरला १९५० च्या दशकाच्या अगदी अखेरीस बनू लागला, म्हणून शक्तिमान असलेला फोटो त्याच्या आधीचा असूच शकत नाही. टाटांचा मर्सिडीज-बेंझशी करार १९५४ ते १९६९. तेव्हा समोर तीन टोकांचा तारा असलेला टाटा ट्रक दिसला की तो त्या काळात बनलेला, फोटो मात्र नंतरचाही असू शकतो. टोपीच्या किंवा खांद्याच्या बिल्ल्यावर राजमुकुट असेल तर फोटो २६ जानेवारी १९५० च्या आधीचा धरावा.

आता रंगवण्याबद्दल. त्या काळी हौशी माणसाच्या कॅमेऱ्यात पडणारी बरीचशी फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होती. कोडॅकची व्हेरिक्रोम ही १९३१ पासूनची लोकप्रिय फिल्मही तशीच, आणि लाल रंगही टिपणारी ‘व्हेरिक्रोम पॅन’ १९५६ मध्ये आली. ऑर्थो फिल्मला लाल रंग दिसतच नाही, त्यामुळे लाल वस्तू छापात काळी येते. वाहतूक कोअरच्या चौकोनाचा वरचा लाल भाग म्हणून काळा दिसतो आणि गडद कापडावरचा लाल गरुड पार्श्वभूमीत जवळजवळ विरून जातो. मोबाइलमधले रंग भरणारे ॲप हा काळा भाग काळा किंवा तपकिरी रंगवते, चेहऱ्याची त्वचा उजळ करते आणि बॉनेटवरचे अर्धवट आकडे आपल्या मनाने ‘पुरे’ करते. आकडा एकदा असा बदलला आणि तीच प्रत घरोघरी गेली, की खरा आकडा कोणता हे सांगायला मूळ फोटोच लागतो. रंगवायचेच असेल तर प्रत रंगवा, तिच्यावर तसे लिहा आणि मूळ स्कॅन वेगळा ठेवा.

अल्बममधला प्रत्येक फोटो त्या चालकानेच काढला असे धरू नये. आघाडीवर खासगी कॅमेऱ्याला बंदी असे, म्हणून जवान गावातल्या स्टुडिओत फोटो काढत, एकमेकांच्या छापा बदलून घेत, आणि तयार चित्रेही विकत घेत. फरक ओळखायला फोटोच्या कोपऱ्यात पांढरा बारीक आकडा आहे का ते पाहा. तो निगेटिव्हवर काळ्या शाईने घातलेला आणि छापात पांढरा उतरलेला असतो. म्हणजे विक्रीचा माल. मागे पोस्टकार्डाच्या रेघा असल्या तरी तोच संशय घ्यावा. स्वतःच्या कॅमेऱ्यातले फोटो ओळखण्याची एक खूण फार उपयोगी आहे: फिल्म जिथे टेकते त्या चौकटीला बारीकसा खरचटा किंवा कण असला, तर त्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक फोटोच्या त्याच कडेला तोच दंतुर ठिपका येतो. अर्थात पांढरी कड कापलेली नसली तरच. एकाच मापाचे, एकाच जाडीच्या कागदाचे, सारखी करवती कड असलेले फोटो एकत्र धुतलेले असतात. १२७ आणि १२० च्या ६ बाय ९ मापात एका रोलमध्ये आठ, ६ बाय ६ मापात बारा फोटो येतात, म्हणून असे गट मोजले की रोल बरेचदा जुळतो.

तारखांच्या बाबतीत मराठवाड्याने विशेष सावध राहावे. निजामी राज्यात कारभार उर्दूत होता आणि सन फसली, म्हणजे महसुली कालगणनेचा. फोटोच्या मागे, सोबतच्या पत्रावर किंवा गावातल्या स्टुडिओच्या पाकिटावर उर्दू आकडे, मोडी ओळ नाही तर फसली महिना सापडतो. हैदराबादी फसली वर्ष ६ ऑक्टोबरच्या सुमारास आझूर महिन्याने सुरू होई; पुढे दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबेहिश्त, खुरदाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान. डिसेंबर अखेरपर्यंत फसली सनात ५९० मिळवावे आणि जानेवारीपासून ५९१. म्हणजे ‘खुरदाद १३५२’ हा साधारण एप्रिल १९४३. हाच आकडा हिजरी म्हणून वाचला तर १९३३-३४ निघतो, आणि दहा वर्षांच्या फरकाने महायुद्धाचा फोटो शांततेच्या काळात जाऊन बसतो. उर्दू ओळ वाचता येत नसेल तर अंदाजाने मराठी करू नये; जशी आहे तशी तिचा फोटो घ्यावा आणि जाणकाराकडून वाचून घ्यावी. मोडीचेही तसेच.

आता हात लावण्याविषयी. काळ्या पानावर पांढऱ्या शाईने लिहिलेल्या ओळी बहुधा पाण्यात विरघळणाऱ्या असतात. ओले फडके, स्पिरिट, रॉकेल, खोडरबर यांतले काहीही पानाला लावू नये. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. सुती हातमोजे झिजलेल्या कडांना अडकतात, त्यामुळे पानासाठी स्वच्छ हातच बरे. निगेटिव्ह हाताळायची असेल तर नायट्राइलचे मोजे. धूळ फुंकून काढू नये, थुंकीचे कण पडतात. रबरी ब्लोअर आणि मऊ केसांचा रुंद ब्रश वापरावा, मध्यातून कडेकडे. जिथे फोटोचा चकचकीत थर खवल्यांसारखा सुटला असेल तिथे ब्रशही नको. गडद भागांवर कडेने चंदेरी, आरशासारखी झाक दिसते तिला लोक मळ समजून कापसाने पुसतात. ती फोटोतलीच चांदी आहे, वर आलेली. पुसली की चित्राचा भाग गेला.

फोटो पानावर कसा बसवला आहे ते बघून पुढचे ठरते. कागदी कॉर्नरमध्ये असेल तर मागची बाजू पाहता येते: एकाच बाजूचे दोन कोपरे मोकळे करून फोटो हलकेच सरकवावा, वाकवून बाहेर ओढू नये. हे काम मे महिन्यात करू नये. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते की जिलेटिनचा थर काचेसारखा ठिसूळ होतो आणि जराशा बाकाने आडवी भेग पडते. श्रावण-भाद्रपदातला, पाऊस उघडलेला एखादा दिवस चांगला. कागदाला थोडी लवचीकता आलेली असते. खळीने किंवा डिंकाने चिकटवलेला फोटो सोडवू नये. वाफ, हेअर ड्रायर, सुरी यांनी निम्मे फोटो फाटतात आणि उरलेल्यांची मागची ओळ पानावरच राहते. पान जाड असेल तर मागच्या लिखाणाचा उठाव बाजूने टॉर्च धरल्यावर पुष्कळदा दिसतो. १९८० च्या सुमाराचे चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले अल्बम ही एकच गोष्ट अशी, की तिथून फोटो काढावेत, कारण तो गोंद पिवळा होऊन फोटोत मुरतो. मेण नसलेला दातांचा धागा फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवावा. अडला तर थांबावे. तेव्हाही आधी पूर्ण पानाचा फोटो घेऊन मगच.

फ्रेमच्या काचेला पावसाळ्यात चिकटलेला फोटो तर कधीच ओढू नये. काचेवरूनच स्कॅन करा. लॅमिनेशन हा सर्वांत वाईट सल्ला, आणि तोच सर्वाधिक दिला जातो: उष्णतेने आणि गोंदाने फोटो कायमचा बंद होतो.

अल्बम कुठे ठेवावा, यावर आमचा सर्वांत जास्त भर आहे, कारण मराठवाड्यात फोटो हाताळण्यापेक्षा ठेवण्याने जास्त जातात. पत्र्याखालचा माळा उन्हाळ्यात तापतो. माळवदाच्या घरात छतातून माती झरते. जमिनीवरच्या ट्रंकेत ओल आणि वाळवी येते. पश्चिमेची बाहेरची भिंत दुपारनंतर रात्रीपर्यंत गरम राहते. घराच्या मधल्या खोलीत, आतल्या भिंतीशी, जमिनीपासून हातभर उंच लोखंडी कपाट हीच योग्य जागा. अल्बम आडवा ठेवावा, त्यावर दुसरे वजन नको. आर्द्रता ३० ते ५० टक्के असली की उत्तम, ६५ च्या वर गेली की बुरशी धरते. छोटा डिजिटल आर्द्रतामापक बाजारात मिळतो, तो कपाटात ठेवावा. सिलिका जेल पावसाळ्यापुरते ठेवून दिवाळीनंतर काढावे, नाही तर उन्हाळ्यात हवा आणखी सुकते. डांबरगोळ्या कपाटात नकोत. कडुलिंबाचा पाला अल्बमच्या पानांत घालू नये; पाल्याचे पाणी आणि तेल कागदावर उतरते. पीठाची खळ कसर आणि झुरळांचे खाद्य आहे, म्हणून खळीने चिकटवलेले अल्बम दर दोन-तीन महिन्यांनी उघडून पाहावेत.

पानांमध्ये घालायला आम्लविरहित टिश्यू मिळाला तर चांगले. दौलताबाद–खुलताबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची परंपरा आहे. तिथला चिंध्यांपासूनचा साधा, फुलपाकळ्या किंवा रंग नसलेला, गुळगुळीत कागद अल्बमच्या वेष्टनाला चालतो, मात्र आम्लता दाखवणाऱ्या पीएच पेनने तपासून घ्यावा आणि फोटोच्या चकचकीत बाजूला लावू नये. बाहेरून दोनदा उकळून धुतलेले, खळ गेलेले पांढरे मांजरपाट गुंडाळावे. लाल खारवा पोथ्यांना शोभतो, पण ओल लागली तर रंग सोडतो. प्लास्टिकची पाकिटे घ्यायची तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर. ज्या पाकिटाला नव्या रेनकोटसारखा वास येतो ते पीव्हीसी. त्यातून निघणारी वाफ फोटो पिवळा करते. मागे लिहायचे तर मऊ पेन्सिलने, कडेला, फोटो पालथा टणक काचेवर ठेवून. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

पुराचे पाणी घरात शिरले आणि अल्बम भिजला तर घाईने उन्हात टाकू नये. काळ्या पानांचा अल्बम भिजल्या-भिजल्या शाई पसरू लागते, म्हणून त्याला धुऊ नये. पाने जमेल तितकी मोकळी करून, सावलीत, पंख्याचा वारा थेट न लावता, पानांत पांढरा सोखता कागद बदलत वाळवावे. सुटे काळे-पांढरे फोटो चिखलात बरबटले असतील तर थंड स्वच्छ पाण्याच्या पसरट ताटात हलवून, चकचकीत बाजूला बोट न लावता, पालथे न घालता वाळवावेत. दोन दिवसांत सारे हाताळणे शक्य नसेल, तर मध्ये मेणकागद घालून प्लास्टिकच्या पिशवीत डीप फ्रीजरमध्ये ठेवावे; बुरशी थांबते आणि सवड मिळते. काचेच्या निगेटिव्ह मात्र फ्रीजरमध्ये घालू नयेत.

प्रत काढताना आधी पूर्ण पान, मग एकेक फोटो, मग मागची बाजू. अल्बम ताणून सपाट करू नये. कव्हराखाली घडी केलेले टॉवेल ठेवून जेवढा आपोआप उघडेल तेवढाच उघडावा. बांधणी घट्ट असेल तर स्कॅनर सोडून कॅमेरा घ्यावा. स्कॅनरवर ६ बाय ९ सेंटिमीटरच्या फोटोला ६०० डीपीआय पुरते. ४ बाय साडेसहाच्या छोट्या छापाला १२०० घ्यावे. तेव्हा सुमारे १८९० बाय ३०७० पिक्सेलची प्रतिमा येते आणि टिफ फाइल साधारण १७ एमबीची होते. काळा-पांढरा फोटोही रंगीत मोडमध्येच स्कॅन करावा, कारण पिवळेपणा आणि शाईचा रंग हीही माहिती आहे. ‘ऑटो करेक्शन’, ‘डस्ट रिमूव्हल’ बंद ठेवावे. धूळ काढणारे ॲप दूरवरचा विजेचा खांब आणि आकाशातले विमान धूळ समजून पुसते.

मोबाइलनेच काढायचे असेल तर उत्तरेच्या खिडकीजवळ, फ्लॅश बंद, फोन पानाला समांतर. काळ्या पानावर मोबाइल हटकून चुकतो: एवढे काळे पाहून तो उजेड वाढवतो, आणि फोटोतले चेहरे व आकाश पांढरेफटक होते. पडद्यावर फोटोच्या उजळ भागावर बोट ठेवून उजेडाची पट्टी खाली ओढावी, तपशील दिसू लागेपर्यंत. पांढरी ओळ वाचण्यासाठी दुसरा, जास्त उजेडाचा फोटो वेगळा घ्यावा. पानाशेजारी सेंटिमीटरची पट्टी आणि चिठ्ठीवर पान क्रमांक ठेवावा; अल्बमवर काही लिहू नये. फाइलचे नावही त्याच क्रमाने द्यावे: पान ७, फोटो ३, मागची बाजू. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

रिकाम्या कॉर्नरचीही नोंद करावी. चार कॉर्नर आहेत, खाली ओळ आहे आणि फोटो नाही, तर तो फोटो घरातल्याच दुसऱ्या कोणाकडे फ्रेममध्ये असण्याची शक्यता मोठी. ओळीवरून आणि कॉर्नरमधल्या अंतरावरून त्याचे माप ठरते, आणि चुलत घरांकडे विचारायला काहीतरी हातात राहते.

पाकिटात गुंडाळलेल्या निगेटिव्हविषयी इशारा द्यायलाच हवा. १९५१ च्या आधीची फिल्म नायट्रेटची असू शकते; ती पेटती वस्तू आहे आणि जुनी झाली की तापमान वाढल्यावर धोका वाढतो. कडेला ‘सेफ्टी’ असे छापलेले नसेल, फिल्म पिवळी, चिकट झाली असेल, आंबूस उग्र वास येत असेल, तर तिला पत्र्याच्या खोलीतून आणि अल्बमपासून ताबडतोब दूर करावे, कारण तिची वाफ शेजारच्या फोटोतली चांदीही खाते. हवाबंद डब्यात कोंडू नये. कागदी पाकिटात, थंड, हवेशीर जागी ठेवावे आणि जाणकार संस्थेला दाखवावे. तुकडा जाळून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नये. व्हिनेगरसारखा वास येणारी फिल्म ॲसिटेटची. ती सहज पेटत नाही पण आकसते, म्हणून तिची प्रत आधी घ्यावी. पहिल्या महायुद्धातल्या ऑटोग्राफिक कोडॅक कॅमेऱ्यात मागची झडप उघडून धातूच्या टोकाने फिल्मच्या पाठीमागच्या कागदावर तारीख लिहिता येई. ती दोन फोटोंच्या मधल्या पट्टीत उमटते आणि छाप कापताना जाते. म्हणजे छाप असली तरी निगेटिव्ह टाकून देऊ नये.

अल्बममध्ये मृतदेह, जखमी, युद्धकैदी किंवा परक्या गावातल्या स्त्रिया असतील तर ती पाने फाडू नयेत आणि सगळीकडे पाठवूही नयेत. प्रत काढून बंद फोल्डरमध्ये ठेवावीत आणि कोणाला दाखवायची ते कुटुंबाने मिळून ठरवावे.

संपादक महोदय, आता आपल्याकडे मागणे. यापुढे असे फोटो मागवताना ‘एक फोटो पाठवा’ असे न छापता ‘फोटो अल्बममध्येच ठेवून पूर्ण पानाची आणि मागच्या बाजूची प्रत पाठवा’ असे छापावे. मूळ अल्बम कार्यालयात मागवू नयेत. छापताना फोटो कापू नये. बॉनेटवरचा नंबर आणि मडगार्डवरचे चिन्ह कडेलाच असते आणि तेच आधी कापले जाते. अल्बममधली मूळ ओळ जशीच्या तशी द्यावी, त्याखाली आपली ओळ वेगळ्या टाइपात. कुटुंबाची हरकत नसेल तर एक डिजिटल प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आणि एक पुराभिलेख संचालनालयाला देता येईल का, याची विचारणा आपल्या वृत्तपत्राच्या नावाने झाली तर घरोघरच्या लोकांना वेगवेगळे खेटे घालावे लागणार नाहीत. पुढच्या विजय दिवसाच्या पुरवणीत एकाच चालकाच्या अल्बमची सलग चार पाने, उर्दू-मोडी ओळींच्या वाचनासह, अर्ध्या पानात छापून पाहावीत. अशा ओळी वाचायला आणि स्कॅनिंगचे काम दाखवायला आम्ही विनामूल्य येऊ.

आपले,
जुनी छायाचित्रे व कागदपत्रे जतन करणारे काही वाचक,
छत्रपती संभाजीनगर